गेम चालूच होत नव्हता, मग काय केलंत? अनुभव सांगा

मागच्या महिन्यात तीन संध्याकाळी गेल्या माझ्या. नवीन लॅपटॉप, रीतसर विकत घेतलेला गेम, ६० जीबी डाउनलोड, आणि प्ले दाबलं की तीन-चार सेकंद 'रनिंग' दिसायचं आणि परत प्ले. एरर नाही, काळी विंडो नाही, काहीच नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर टाकला, फाइल्स व्हेरिफाय केल्या, अँटीव्हायरस बंद करून बघितला, राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून झालं, दुकानात विचारलं तर फॉरमॅट मारावा लागेल म्हणाले. फॉरमॅट मारायच्या आदल्या रात्री सहज म्हणून ॲपडेटामध्ये (युजर फोल्डरमधला लपवलेला फोल्डर, प्रोग्रॅम्स आपला डेटा तिथे ठेवतात) त्या गेमचा फोल्डर उघडला तर आत एक लॉग फाइल, म्हणजे काय काय घडलं त्याची नोंद होती, नोटपॅडमध्ये उघडली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की फोल्डर बनवता आला नाही, आणि पुढे पत्ता होता: सी ड्राइव्ह, युजर्स, आणि त्यापुढे माझ्या नावाच्या जागी नुसती सहा प्रश्नचिन्हं.

लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला तेव्हा मी हौसेने नाव मराठीत टाकलं होतं, देवनागरीत. विंडोजला त्याचं काहीच नाही, ते व्यवस्थित दाखवतं, पण त्याच नावाने युजर फोल्डर बनतो आणि काही गेम्सना रोमन सोडून दुसरी अक्षरं असलेला पत्ता वाचताच येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन नाव बदललं तरी फोल्डरचं नाव तेच राहतं हेही तेव्हाच कळलं. रोमन अक्षरात नवीन लोकल अकाउंट काढलं, त्यात लॉगिन केलं, पहिल्या क्लिकला गेम सुरू. मराठीत नाव टाकणं ही चूक आहे असं मी अजिबात मानत नाही, मराठीतच टाकावं, पण हे माहीत असतं तर तीन संध्याकाळी वाचल्या असत्या. म्हणून हा धागा. गेम चालू न होण्याचं तुमच्याकडे खरं कारण काय निघालं ते लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला थेट फॉरमॅट मारावा लागणार नाही.

* * *

आमचं देवरुखच्या घरी जुनं डेस्कटॉप आहे, वर्षातून दोनदा चालू होतं, गणपतीत आणि मेमध्ये. यंदा भाच्यांसाठी लावलं तर लाँचर (गेम उघडणारा प्रोग्रॅम) लॉगिनच घेईना, 'कनेक्शन नाही' एवढंच म्हणत होता, त्याच वायफायवर मोबाइल मात्र मस्त चालू. राउटर तीन वेळा बंद-चालू केला. मग धाकट्या भाचीचं लक्ष गेलं, मामा तारीख बघ. खाली कोपऱ्यात १ जानेवारी २०१३! तारीख इतकी मागे असली की सर्व्हरचं सर्टिफिकेट पुढच्या काळातलं ठरतं आणि सुरक्षित कनेक्शन जुळतच नाही. तारीख नीट केली की चालायचं पण लाईट गेली की परत तेच, कारण मदरबोर्डवरचा सेल संपलेला. सीआर२०३२, रुपयाच्या नाण्याएवढा, घड्याळवाल्याकडे मिळतो. प्लग काढायचा, बाजूची पत्र्याची क्लिप नखाने दाबली की सेल आपोआप वर येतो, नवा घालताना अधिकची खूण वर. पाच मिनिटांचं काम, पण एक अख्खी दुपार गेली.

* * *

दादा तुमच्या लाइटीवरून आठवलं, आमच्याकडे लातूरला अपडेट चालू असताना लाईट गेली आणि त्यानंतर गेम लोगो दाखवून बंद पडायला लागला. मी अनइन्स्टॉल करणार होतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ७० जीबी परत, विचार करा. मित्राने थांबवलं. स्टीमवर लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, तिथे व्हेरिफाय. चार फाइल्स खराब निघाल्या, तेवढ्याच परत उतरवल्या, ३०० एमबीच्या आत काम झालं. अनइन्स्टॉल करायच्या आधी हे कराच.

* * *

माझी चूक डीएलएलची, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार कोडच्या फाइलची. 'एमएसव्हीसीपी१४० सापडत नाही' असं आलं, मी ती एकच फाइल कुठल्यातरी साइटवरून उतरवून सिस्टम३२ मध्ये टाकली. मग शून्य एक्स सी ०००००७बी अशी एरर यायला लागली. ही एरर बहुतेक वेळा ३२ बिट आणि ६४ बिटच्या फाइल्सची सरमिसळ झाली की येते आणि माझ्याकडे तेच झालं होतं. सुटी डीएलएल कधीच उतरवू नका, आत काय भरलेलं असेल सांगता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल घ्या, एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही, विंडोज ६४ बिट असलं तरी दोन्ही. आणि जुन्या गेमला डी३डीएक्स९ ने सुरू होणारी फाइल हवी असेल तर डायरेक्टएक्सचं जून २०१० चं पॅकेज लागतं, विंडोज ११ मध्ये डायरेक्टएक्स १२ आहे म्हणून त्या फाइल्स आपोआप येत नाहीत.

* * *

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डऐवजी मदरबोर्डला लावलेली. बास, एवढंच. गेम म्हणायचा ग्राफिक्स कार्ड चालत नाही, आणि कार्ड तर समोर दिसतंय. मागे वाकून बघा आधी.

* * *

हे वाचून कोणाचे तरी पैसे वाचावेत म्हणून लिहितेय. भावाने पहिल्या पगारातून ग्राफिक्स कार्ड घेतलं, प्रोसेसर जुना आय५ ३४७०. गेम उघडायचा आणि गुपचूप बंद व्हायचा. आम्हाला वाटलं एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) कमी पडतोय, तोही बदलला. इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन मध्ये त्या वेळेची लाल खूण बघितली तर एक्सेप्शन कोड शेवटी ०१डी होता, म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना दिली गेली. गेमला एव्हीएक्स२ (प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचा एक संच) हवं होतं आणि ते आय५ मध्ये चौथ्या पिढीपासून, २०१३ पासून आलं. आमचा तिसऱ्या पिढीचा. ड्रायव्हर, विंडोज, फॉरमॅट, कशानेच ते येणार नाही. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात इन्स्ट्रक्शन्सच्या ओळीत एव्हीएक्स२ आहे का बघा आणि मगच कार्डावर पैसे घाला. भाऊ त्या दिवशी काही बोलला नाही, नुसता बसून राहिला, ते मला अजून आठवतं.

* * *

ताई, फार वाईट वाटलं वाचून. माझा अनुभव सिक्युअर बूटचा, म्हणजे मशीन चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीचा. आता काही ऑनलाइन गेम्सचं अँटी-चीट (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (सुरक्षेचं मॉड्युल) असल्याशिवाय गेम उघडूच देत नाही. मी व्हिडिओ बघून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) गेलो, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद केलं आणि मशीन बूटच होईना, बायकोचं ऑफिसचं काम त्याच मशीनवर, अंगाला घाम फुटला. सीएसएम परत चालू केल्यावर आलं. कारण डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची होती आणि नव्या यूईएफआय बूटला जीपीटी मांडणी लागते. रन मध्ये एमएसइन्फो३२ टाकून आधी बघा, बायोस मोड लेगसी असेल तर थांबा. बॅकअप घ्या, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, मग विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी ने डिस्क बदला, आणि मग बायोसला हात लावा. हा क्रम मोडू नका कृपया.

* * *

माझ्याकडे २००२ च्या आसपासची सीडी आहे, कॉलेजातल्या दिवसांची, मुलाला दाखवायची होती. सेटअपच उघडेना. ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे जुने इन्स्टॉलर चालतच नाहीत, शिवाय त्या काळातल्या काही सीड्यांवर जे कॉपी प्रोटेक्शन असायचं त्याचा ड्रायव्हर विंडोज १० पासून चालत नाही. तोच गेम जीओजी नावाच्या गेम विकणाऱ्या साइटवर आजच्या विंडोजवर चालेल असा करून ठेवलेला मिळाला. सीडी जपून ठेवलीय तरीपण.

* * *

धागाकर्ते, आत्ता तुमचं वाचून माझा युजर फोल्डर बघितला. मराठीतच आहे! दोन आठवडे अडकलोय. नवीन अकाउंट काढतो आणि सांगतो.

* * *

चालू झाला!! मेनूचं म्युझिक ऐकू आल्यावर आईला हाक मारून दाखवलं. एक विचारायचंय, दुसऱ्या एका गेमची माझी सेव्ह (कुठवर खेळलो त्याची फाइल) जुन्या अकाउंटमध्ये राहिलीय, ती गेली का?

* * *

नाही गेली. जुनं अकाउंट डिलीट करू नका फक्त. सी ड्राइव्ह, युजर्स, मराठी नावाचा फोल्डर उघडा, परवानगी मागेल ती द्या, आत डॉक्युमेंट्स किंवा सेव्ह्ड गेम्समध्ये त्या गेमचा फोल्डर असेल, नसला तर ॲपडेटामध्ये, तो दिसत नाही कारण लपवलेला असतो, व्ह्यू मध्ये हिडन आयटम्सवर टिक करा. कट करू नका, कॉपी करा, आणि नवीन अकाउंटमध्ये त्याच जागी ठेवा.