बारा तासांची पाळी आणि कारखान्याची उत्पादकता: कमी काय पडतंय?

सेटिंगमास्तर (धागालेखक)

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाच्या वेळा बदलायला मंजुरी दिली. दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास, ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तास, तीही कामगाराच्या लेखी संमतीने. तेव्हापासून आमच्या भागात एकच वाक्य कानावर येतंय: आपला माणूस कमी काम करतो, म्हणून आपल्या कारखान्यांची उत्पादकता कमी. मी भोसरीत १९ वर्षं मशीन शॉपमध्ये आहे. आधी ऑपरेटर, मग सेटर (नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारा), आता सुपरवायझर. मला हे वाक्य साफ चुकीचं वाटतं.

गेल्या वर्षी एका व्हीएमसीशेजारी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) मी पूर्ण पाळी वही घेऊन उभा राहिलो. ८ तासांत स्पिंडल (हत्यार फिरवणारा दांडा) प्रत्यक्ष कापत होता ४ तास ४० मिनिटं. जेवणाची ३० मिनिटं सोडा. फिक्स्चर (मशीनवर नग पकडून ठेवणारी चौकट) बदलायला ७० मिनिटं गेली, कारण पुढच्या जॉबचं फिक्स्चर रॅकच्या तळाशी होतं आणि ते काढायला क्रेन मोकळी नव्हती. पहिला नग पास करून घ्यायला क्वालिटीच्या दारात ३५ मिनिटं. कास्टिंगची (ओतीव भागांची) ट्रॉली उशिरा आली, २५ मिनिटं. स्टोअरमध्ये इन्सर्ट (हत्याराचं बदलायचं कापणारं टोक) नव्हता, २०. वीज ट्रिप होऊन मशीन पुन्हा होमला (सुरुवातीच्या जागेवर) आणेपर्यंत १४. ऑपरेटर स्वतः मशीन सोडून गेला तो वेळ मी मुद्दाम वेगळा लिहिला होता. ६ मिनिटं.

पुढच्या महिन्यात आम्ही एकच गोष्ट केली. चालू लॉट संपायच्या आत पुढचं फिक्स्चर, टूल आणि ड्रॉइंग मशीनपाशी आणून ठेवायचं. ७० मिनिटांचं सेटिंग २५ वर आलं. कुणी जादा राबलं नाही, नवीन मशीन घेतलं नाही.

उत्पादकता म्हणजे एका तासात निघालेला चांगला नग. पाळी लांबवली तर दिवसाचे नग वाढतील, तासाचे वाढणार नाहीत. उलट दहाव्या तासाला मायक्रोमीटर वाचणारा डोळा थकतो आणि रिजेक्शनची पेटी भरायला लागते. मतं मांडा.

शिरोलीचे ओतकाम

असहमत. तुम्ही वही घेऊन उभे राहिलात, कारण पगार वेळेवर होईल याची चिंता दुसऱ्या कुणाला तरी होती. माझी कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे, २२ माणसं. महिन्याचे पहिले पंधरा दिवस ग्राहकाचं शेड्यूल निम्मं असतं आणि शेवटच्या आठवड्यात दुप्पट. त्या आठवड्यात १२ तास चालवायची मुभा मला हवी आहे, आणि त्याच्या बदल्यात पहिल्या पंधरवड्यात सुट्टी द्यायची माझी तयारी आहे. यात कामगाराचं नुकसान काय?

दुसरं, भट्टीचं काम मशीन शॉपसारखं नसतं. इंडक्शन भट्टीत धातू वितळलेला असताना वीज गेली आणि लवकर आली नाही, तर तो आतच गोठतो. मग भट्टीचं आतलं अस्तर फोडायचं, पुन्हा रॅमिंग (नवं अस्तर ठोकून बसवणं), पुन्हा सिंटरिंग (ते तापवून पक्कं करणं). दोन दिवस गेले. त्या दिवसांचा पगार मी देतो, आणि तो तुमच्या व्याख्येत माझी 'कमी उत्पादकता' म्हणून दिसतो.

तिसरं. माझ्या २२ पैकी १५ जण स्वतः ओव्हरटाइम मागतात. नाही दिला तर पलीकडच्या शेडमध्ये जातात. मोल्डिंग (साचे बनवणं) शिकवायला मला चार महिने लागतात आणि महिना पाचशे रुपये जास्त मिळाले की शिकवलेला माणूस जातो. मांडणी सुधारा म्हणणं सोपं आहे.

मागावरचा

मी इचलकरंजीचा. घरात तीन पिढ्या यंत्रमाग. ओतकामवाले साहेब, १२ तासांचा प्रयोग नवा आहे असं सगळे बोलताहेत, म्हणून लिहितो. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, तिन्ही ठिकाणी यंत्रमागावर १२ तासांची पाळी माझ्या वडिलांच्या आधीपासून चालू आहे. एक पाळी दिवसाची, एक रात्रीची, मजुरी पिकावर (आडव्या धाग्याच्या फेऱ्यांवर) किंवा मीटरवर. म्हणजे या प्रयोगाचा निकाल केव्हाच लागलाय, तो बघायला फक्त इचलकरंजीपर्यंत यावं लागेल.

उत्पादकता वाढली का? साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे पिका टाकतो. विणकर १२ तास उभा राहिला काय किंवा १६ तास, मागाचा वेग तोच. आडव्या धाग्याची कांडी संपली की माग थांबणार, ताण्याचा (उभा) धागा तुटला की थांबणार. एअरजेट माग (हवेच्या झोताने धागा टाकणारा) मिनिटाला सहाशेच्या वर जातो. फरक तिथे पडला. केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन योजना १९९९ ला आली, ज्याच्याकडे तारण होतं त्याने कर्ज काढून नवे माग बसवले. ज्याच्याकडे नव्हतं तो आजही जुन्या मागावर, मजुरीवर कापड विणून देतो.

आणि पाळी लांब असली की मालकाला नवा माग घ्यायची घाईच राहत नाही. स्वस्त माणूस जास्त तास मिळतोय, तर कर्ज कशाला? हे मी आमच्याच घरात बघितलंय. वडिलांनी नवे माग घ्यायचं दहा वर्षं पुढे ढकललं ते याच हिशेबाने. मिळणारे तास आम्ही वापरत राहिलो आणि बाजार हातातून गेला.

आकडेमोड

थोडी देशाची बाजूही बघू. वार्षिक उद्योग पाहणीच्या २०२३-२४ च्या आकड्यांनुसार नोंदणीकृत कारखान्यांत सुमारे १.९५ कोटी लोक काम करतात आणि त्या वर्षी त्यांचं मूल्यवर्धन (मालाच्या किमतीतून कच्चा माल वगैरेचा खर्च वजा जाता उरतं ते) जवळपास १२ टक्के वाढलं. माणशी वर्षाला साधारण साडेबारा लाख रुपये. हे चालू किमतींत आहे, म्हणजे त्यात महागाई मिसळलेली आहे, तरी चित्र वाईट नाही.

खरा प्रश्न त्या पाहणीच्या बाहेर आहे. कंपनी म्हणून नोंद नसलेल्या छोट्या उत्पादन उद्योगांत तीन कोटींहून अधिक लोक आहेत. घरातली शिलाई, दोन मागांचा खोपटा, एका लेथचं वर्कशॉप. उत्पादन, व्यापार आणि सेवा मिळून अशा सगळ्या उद्योगांचं माणशी मूल्यवर्धन २०२३-२४ मध्ये दीड लाखाच्या आसपास होतं. साडेबारा लाख आणि दीड लाख. इतक्या मोठ्या दरीचं कारण आळस असूच शकत नाही. एकाच्या हाताशी लाखो रुपयांचं यंत्र आहे, दुसऱ्याच्या हाताशी पाय-मशीन.

मग छोटे छोटेच का राहिले? १९६७ पासून आपण कित्येक वस्तू लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या, यादी आठशेच्या वर गेली, शेवटच्या २० वस्तू २०१५ ला मोकळ्या झाल्या. शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर कपातीला सरकारची परवानगी, ही अट १९८० च्या दशकापासून. नव्या कामगार संहितेत ती ३०० वर नेली आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. मला वाटतं, वाढणाऱ्या कारखान्याला आपण अनेक दशकं दंड केला. २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणात २०२२ पर्यंत देशाच्या उत्पन्नातला उत्पादन क्षेत्राचा वाटा २५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. तो अजून १७ च्या आसपासच आहे.

मागावरचा

कामगार कायद्यामुळे कारखाने वाढले नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकतोय. कायदा कडक होता तर ठेक्यावरची माणसं कशी वाढली? आज नोंदणीकृत कारखान्यांतल्या दर १०० कामगारांत ४२ ठेक्यावरचे आहेत, हेही त्याच पाहणीत आहे. ज्याला कपात करायची होती त्याला वाट सापडली होती.

वाढलेल्या उत्पादकतेचं पुढे काय झालं तेही सांगा. कारखान्यांच्या निव्वळ मूल्यवर्धनात कामगारांच्या मजुरीचा वाटा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ३० टक्क्यांच्या आसपास होता. २०१० च्या सुमाराला तो १२ च्या जवळ आला. शिरोलीचे १५ जण ओव्हरटाइम का मागतात, त्याचं उत्तर इथे आहे. आठ तासांत घर चालत नाही म्हणून.

स्टुटगार्टहून

मी इथे वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. पश्चिम जर्मनीच्या धातू उद्योगात १९९५ पासून ३५ तासांचा आठवडा आहे, आणि देशभरात माणशी वर्षाचे तास साधारण १,३४० भरतात. तरी माल जगभर जातो. सेटिंगमास्तरांनी लिहिलेलं फिक्स्चर आधी आणून ठेवणं इथे प्रत्येक लाइनवर ठरलेलं काम आहे आणि ते करणारा वेगळा माणूस असतो. तीन-साडेतीन वर्षं शिकाऊ म्हणून काढल्याशिवाय कुणी सेटर होत नाही.

शिरोलीचे ओतकाम

जर्मनीचा दाखला मला लागू पडत नाही. तिथल्या शिकाऊ पद्धतीमागे कित्येक पिढ्यांचा पैसा आणि वीज न जाणारी वसाहत आहे. माझ्यासारख्याने माणूस तीन वर्षं शिकवला तर तो कुणासाठी शिकवला?

सेटिंगमास्तर

साहेब, वीज आणि शेड्यूलचा मुद्दा मान्य. तो माझ्या वहीतही आहे. पण एक जवळचं उदाहरण घ्या. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी तारापूर आणि उंबरगावच्या भागातल्या १७ कापड कंपन्यांच्या २८ कारखान्यांत एक प्रयोग केला होता, २०१३ ला तो छापून आला. काही कारखान्यांत सल्लागार पाठवले. माग कधी आणि कशाने बंद पडला याची रोज नोंद, सुतासाठी नीट रॅक आणि खुणा, दोषांची यादी आणि त्यावर रोजची बैठक. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. माणसं तीच, माग तेच.

त्यातलीच आणखी एक गोष्ट मला फार खरी वाटली. कंपनीचे किती कारखाने आहेत हे घरात कर्ते पुरुष किती यावर ठरत होतं. बाहेरच्या मॅनेजरवर भरवसा नाही, म्हणून भाऊ-मुलगे संपले की वाढ संपली. आकडेमोड, कायद्याच्या आधी हे कारण बघा.

शिरोलीचे ओतकाम

तो प्रयोग मलाही माहीत आहे. ते सल्लागार आंतरराष्ट्रीय कंपनीचे होते आणि मालकांना फुकट मिळाले होते. त्यांचं बिल माझ्यासारख्याच्या वर्षाच्या नफ्याहून मोठं असतं. आणि काही वर्षांनी तेच अभ्यासक परत गेले तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या.

सेटिंगमास्तर

निम्म्या बंद पडल्या, बरोबर. पण त्या का बंद पडल्या तेही त्यांनी नोंदवलंय. मॅनेजर बदलला, मालकाला वेळ मिळेना. म्हणजे पद्धत माणसाबरोबर गेली. आमच्याकडेही तेच होतं. ठेक्यावरचा सेटर सात महिन्यांनी बदलतो आणि सेटिंग पुन्हा ५० मिनिटांवर जातं. म्हणून मी ठेक्याच्या आणि लांब पाळीच्या विरोधात बोलतो. दयेपोटी बोलत नाही.

आणि सल्लागार नको. एक वही पुरते. पाच रकाने आखा: भट्टी किंवा मोल्डिंग लाइन कधी थांबली, कधी सुरू झाली, कशामुळे, किती साचे वाया गेले, ते सांगणाऱ्या कामगाराचं नाव. नाव दोष द्यायला नको, पुढच्या वेळी त्यालाच विचारायला हवं. दोन आठवडे भरा. त्यातले वीज आणि शेड्यूलचे तास बाजूला काढा आणि उरलेले किती ते इथे लिहा.

मागावरचा

सहावा रकाना घाला. साचे वाढले त्या महिन्यात पगार किती वाढला.

शिरोलीचे ओतकाम

सोमवारपासून वही सुरू करतो. सहावा रकानाही घालतो. पण त्याच्या शेजारी सातवा माझा: ग्राहकाने त्या वर्षी किलोमागे दर किती कापला आणि पैसे किती दिवसांनी दिले. कायदा ४५ दिवस म्हणतो, माझी सगळ्यात जुनी थकबाकी आज ११८ दिवसांची आहे. सात रकाने भरून दोन आठवड्यांनी इथेच टाकतो.