न्यूअर्क–मुंबई: अंतर तेच, तास वेगळे का?

एडिसनहून:
नमस्कार मंडळी, डिसेंबरात सासूबाईंना घेऊन देशात जायचं आहे. थेट विमान न्यू जर्सीतल्या न्यूअर्कहून रात्री 9 ला निघून दुसऱ्या दिवशी रात्री 9:50 ला मुंबईत पोहोचतं. परतीचं रात्री 1:30 चं, त्याच सकाळी 7:30 ला इथे. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून विचारते: खरे किती तास बसावं लागेल? आणि पुढचं नागपूरचं विमान कधीचं घ्यावं?

जर्सी सिटीहून:
ताई, तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात भारत आपल्यापुढे साडेदहा तास. जाताना 24 तास 50 मिनिटांतून 10:30 वजा करा: 14 तास 20 मिनिटं. येताना दिसतात 6 तास, त्यात 10:30 मिळवा: साडेसोळा तास. परतीची तारीख मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतरची असेल तर फरक साडेनऊचा धरा. यात धावपट्टीपर्यंतची रांगही आली, म्हणून हवेतला वेळ थोडा कमीच.

प्रिन्स्टनहून:
फरकाचं मुख्य कारण वारा. दोन्ही विमानतळांमधलं सर्वात जवळचं अंतर साधारण 12,550 किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी 900 धरला आणि वाटभर सरासरी 40 चा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा धरला, तर जाताना जमिनीवरचा वेग 940, येताना 860. एवढ्यानेच सव्वा तासाचा फरक पडतो, आणि हिवाळ्यात वरचा वारा याहून बराच जोरात असतो. तो टाळायला परतीचं विमान बऱ्याचदा लांबची वाट धरतं.

नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. सपाट नकाशावरची सरळ रेघ 14,200 किलोमीटरच्या वर जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तो लॅब्राडोर, आइसलंडच्या आसपासचा समुद्र, नॉर्वे, रशिया असा उत्तरेकडून वळतो. प्रत्यक्षात ही वाट सगळ्यांना मोकळी नाही. 2022 पासून अमेरिकी कंपन्या रशियावरून उडत नाहीत, आणि एप्रिल 2025 पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचं आकाश बंद आहे. म्हणून एकाच दिवशीच्या दोन कंपन्यांच्या वेळा जुळत नाहीत. अंतर बघून कंपनी निवडू नका, वेळापत्रकातले तास बघा.

जर्सी सिटीहून:
नागपूरचं राहिलं. मुंबईत इमिग्रेशन, मग बॅगा पट्ट्यावरून स्वतः घ्यायच्या, कस्टम्स, आणि बॅगा पुन्हा जमा. चार तास तरी हाताशी ठेवा. 9:50 ला उतरून रात्रीचं विमान गाठायच्या भानगडीत पडू नका, पहाटेचंच घ्या. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर उशीर झाल्यास पुढची सोय कंपनीच्या गळ्यात पडते. वेगळी तिकिटं असतील तर चुकलेल्या विमानाचे पैसे बुडतात. नागपूरचं विमान मुंबईच्या टी-1 (टर्मिनल 1) वरून असेल तर उतरता त्या टी-2 (टर्मिनल 2) वरून रस्त्याने जावं लागतं, तो वेळ वेगळा धरा.

व्हीलचेअर तिकिटावर आत्ताच नोंदवा, मुंबई-नागपूर टप्प्यासाठीसुद्धा. आणि सासूबाईंना वाटेकडेची जागा घ्या, म्हणजे दर तास-दीड तासाने उठून फिरता येईल.