प्रोसेसर बदलण्याआधी छताकडे बघा

रत्नागिरीजवळच्या कौलारू घरात होम थिएटरचा ५.१ चा (पाच स्पीकर आणि सबवूफर) जुना प्रोसेसर नीट चालतोय, आता अ‍ॅटमॉसवाला, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारा, घ्यावा का असं तुम्ही विचारलंयत. फक्त अ‍ॅटमॉससाठी घेत असाल तर आधी वर बघा. अपफायरिंग, म्हणजे वर छताकडे आवाज फेकणारे स्पीकर असतात ना त्यांना सपाट आणि कडक छत लागतं, आवाज तिथे आपटून खाली कानापर्यंत आला पाहिजे, आपल्या उतरत्या कौलांवरून तो भलतीकडेच जाणार. वाशांना स्पीकर टांगता येतात, पण मग पावसाळ्यातली ओल आणि वायरिंग याचा विचार आत्ताच करा.

४के १२० वर (४के चित्र, सेकंदाला १२० फ्रेम) गेमिंग हे कारण असेल तर घाई नको. एचडीएमआय जोडणीच्या २.० आवृत्तीला १८ जीबीपीएस वेग आणि २.१ ला ४८ पर्यंत, त्यामुळे २.० वाल्या जुन्या प्रोसेसरमधून ते चित्र नीट जात नाही हे खरंय, पण कन्सोल थेट टीव्हीला लावून आवाज तेवढा एआरसीने (टीव्हीतून एचडीएमआय वायरनेच आवाज परत पाठवायची सोय) प्रोसेसरला देता येतो, जुन्या ५.१ ला तेवढं पुरतं.

मला विचाराल तर पैसे घालावेत ते चांगल्या रूम करेक्शनसाठी, म्हणजे खोलीप्रमाणे आवाज जुळवणारं डिराक वगैरे सॉफ्टवेअर, त्याने बास खरंच आवरतो. पण चिऱ्याच्या भिंती आणि खाली लादी असली की संवाद घुमतात, ते कुठलाही प्रोसेसर पूर्ण काढू शकत नाही, जाड पडदे आणि सोफ्यापुढे जाजम आधी घाला आणि मग ऐका. आणि हो, खाऱ्या हवेत जॅक गंजतात, जुन्यातला आवाज अधूनमधून जात असेल तर ते आधी साफ करून घ्या. सबवूफर एक आहे की दोन?