14 वर्षं लेथवर काढली, ग्रॅच्युइटी मागितली तर एवढं काय चुकलं?

लेथवाल्याचा मुलगा:
वडील भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर धातूचे भाग कापायचे, 14 वर्षं एकाच शेठकडे, मार्च 2025 ला साठ पूर्ण झाली म्हणून रिटायर झाले. शेठने शाल, नारळ आणि शेवटचा पगार दिला. ग्रॅच्युइटीचं, म्हणजे इतकी वर्षं काम केल्यावर जाताना मिळते त्या एकरकमी रकमेचं, विचारलं तर म्हणे आता आमच्याकडे आठच माणसं आहेत, कायदा लागूच होत नाही, आणि तुझ्या बहिणीच्या लग्नाला उचल दिली होती ती विसरलास का. उचल दोन वर्षं पगारातून कापून घेतलीय, कापल्याच्या स्लिपा आईने जपून ठेवल्यात. बेसिक-डीए, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता, मिळून शेवटी महिन्याला 13,000 होता. वडील म्हणतात जाऊ दे, शेठचं मीठ खाल्लंय. मला ते पटत नाहीये.

वर्कशॉपवाला:
भाऊ, राग मानू नका, मी स्वतः असंच युनिट चालवतो म्हणून बोलतो. मोठ्या कंपनीने बिल 45 दिवसांत द्यायचं असं कायदा सांगतो पण माझं बिल चार-चार महिने अडकतं, तरी सात तारखेला पगार मी ओडी, म्हणजे बँकेची उचल, काढून करतो. वर पोरं शिकवायची, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, हात बसला की बाजूच्या युनिटमध्ये दोन हजार जास्त मिळाले म्हणून एक दिवस फोन बंद, ना नोटीस ना काही, आणि अर्धवट ऑर्डर माझ्या गळ्यात. मग हक्क फक्त कामगारालाच का, जबाबदारी कुणी सांगायची? एकरकमी लाखभर रुपये छोटा मालक कुठून आणणार?

हिशोबवाली:
दादा, मी अशाच युनिट्सचे पगार करते, तुमची बिलांची अडचण शंभर टक्के खरी आहे. पण एकरकमी का द्यावे लागतात ते बघा ना. महिन्याचे कामाचे 26 दिवस धरून 13,000 भागिले 26 म्हणजे दिवसाचे 500, दरवर्षाला 15 दिवसांचा पगार म्हणून गुणिले 15 म्हणजे वर्षाचे 7,500, चौदा वर्षांचे 1,05,000. महिन्याला पाडले तर 625 रुपये! ते बाजूला टाकले नाहीत किंवा एलआयसीची ग्रुप ग्रॅच्युइटी योजना घेतली नाही ही चूक लेथवर उभं राहणाऱ्याची कशी? आणि आठ माणसांचं म्हणाल तर वडील रिटायर झाले तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यात स्पष्ट होतं, एकदा दहा माणसं झाली आणि कायदा लागू झाला की नंतर कमी झाली तरी तो सुटत नाही.

वर्कशॉपवाला:
ताई हे एलआयसीचं आमच्या सीएने कधी सांगितलंच नाही, खरं सांगतो. पण न सांगता पळणाऱ्यांचं काय? आणि माझ्याकडे एकाने स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा मुख्य भाग, घालवला, 80 हजारांचा खर्च, त्याची ग्रॅच्युइटी मी का द्यावी?

हिशोबवाली:
नोटीस न देता गेला तर करारात असेल तसा नोटीस पे मागा, तो तुमचा हक्क आहे आणि कामगारानेही तो पाळायलाच पाहिजे, मी पोरांनाही हेच सांगते. पण त्यापायी ग्रॅच्युइटी अडवता येत नाही. नुकसानीसाठी कापायची तर ते जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने केलेलं हवं आणि त्याच कारणाने त्याला कामावरून काढलेलं हवं, तेही नुकसानीएवढीच. माणूस साठीला सन्मानाने रिटायर झाला आणि मागून जुना स्पिंडल काढायचा असं चालत नाही. इथे तर तसलं काहीच नाहीये.

आकुर्डीकर:
मालकांचे रडगाणे नेहमीचेच. बेसिक मुद्दाम कमी ठेवायचा आणि सगळं भत्त्यात दाखवायचं ही पण त्यांचीच युक्ती. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, आलेत, त्यात भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनातच धरायचा, आता करा म्हणावं.

वर्कशॉपवाला:
सगळ्यांना एका मापाने मोजू नका हो. बेसिक मी कधी लपवला नाही.

लेथवाल्याचा मुलगा:
ताई, पण पूर्वी दहा माणसं होती हे सिद्ध कसं करायचं? मस्टर, म्हणजे हजेरीपट, शेठकडेच आहे.

हिशोबवाली:
वडिलांचं ईएसआयसीचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड आहे का? कारखान्याला ईएसआय दहा माणसांपासूनच सक्तीचं आहे.

लेथवाल्याचा मुलगा:
आहे! लोखंडी पेटीत, घरातल्या सगळ्यांच्या फोटोचं. आत्ता काढून बघितलं, पहिल्या वर्षीचंच आहे. वडिलांनी हातात घेतलं आणि त्या वेळच्या बारा जणांची नावं घडाघडा सांगितली, त्यातले तिघं अजून इथेच राहतात. आधी शेठला लेखी अर्ज देतो, नाही ऐकलं तर ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे जातो. वडील सोबत येतो म्हणालेत.