भुकटीतूनही मासा सापडतो

समुद्रघोडा हा कायद्याने संरक्षित मासा. तो वाळवून भुकटी केली की बेकायदा विक्रीचा पुरावाच संपला, असं काही जण म्हणतात. तसं नाही हो! आमच्या भंडाऱ्याकडचा ढिवर (मासेमार) नुसती खवलं चाचपून मासा सांगतो, पण भुकटीपुढे तोही हात टेकेल. तिथे डीएनए कामी येतो. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले ऊर्जा बनवणारे भाग, त्यांच्यातल्या डीएनएच्या शेकडो प्रती एकेका पेशीत असतात, म्हणून वाळवल्यावरही काही टिकतात. त्यातल्याच सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा (डीएनएच्या घटकांचा) तुकडा आधी ओळखलेल्या प्रजातींच्या नोंदींशी ताडतात. तो तुटलेला असला तर आखूड तुकड्यावर भागवतात. खरी डोकेदुखी चार-पाच जिनसा एकत्र कुटलेल्या चूर्णाची, कारण सगळ्यांचे डीएनए मिसळतात. समुद्रघोडा २००१ सालीच वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आलाय, तेव्हा आठवडी बाजारात दम्यावर औषध म्हणून तो कुणी विकताना दिसला तर वनखात्याला कळवा.