मदत हवी आहे: कर्सिव्ह फाँटमधल्या अक्षरांत फटी पडतात, बारीक रेघा छापून येत नाहीत

निमंत्रणपत्रिकेवर रोमन लिपीतली नावं स्नेल राउंडहँड या जोडअक्षरी हस्ताक्षर-वळणाच्या फाँटमध्ये घेतली आहेत. सगळी कॅपिटल अक्षरं, २४ पॉइंट, ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं अंतर) +४०. खाली पत्ता त्याच फाँटमध्ये ७ पॉइंटात. छपाई सोनेरी फॉइलची, म्हणजे साच्याने दाबून चिकटवलेल्या चकचकीत पापुद्र्याची. नावं वाचवत नाहीत, पत्त्यातली अक्षरं सुटी दिसतात आणि नमुना प्रतीत पत्ता जागोजागी तुटलाय. फाँट बदलू का?

प्रतिसाद १
फाँट बिचारा निर्दोष आहे! आधी ट्रॅकिंग शून्य करा. अशा फाँटमध्ये प्रत्येक लहान अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराला ठरलेल्या जागी टेकते, अंतर वाढवलं की ती हवेत लोंबकळते. कर्निंग (शेजारच्या दोन अक्षरांतलं अंतर) 'ऑप्टिकल'वर असेल तर 'मेट्रिक्स', म्हणजे फाँटमध्येच ठरवलेलं अंतर, करा. ऑप्टिकल नुसते आकार बघून अंतर ठरवतं, जोडणीशी त्याला देणंघेणं नसतं. मजकूर जस्टिफाय (दोन्ही कडा सरळ) केला असेल तर लेटर स्पेसिंगचे तिन्ही रकाने ०%.

आणि सगळी कॅपिटल नकोतच. ती शब्दाच्या सुरुवातीला एकटी उभी राहायला काढलेली असतात, ओळीने मांडली की एकीचे फराटे दुसरीच्या पोटात.

प्रतिसाद २
रेघांचं कारण वेगळं. हे वळण टोकदार, लवचीक टाकाचं. खाली येताना दाब पडून निबेच्या दोन फाका उघडतात, म्हणून रेघ जाड. वर जाताना दाब नाही, म्हणून केसासारखी. फाँट रेखाटणाऱ्या मॅथ्यू कार्टरने १९६६च्या स्नेल राउंडहँडमध्ये हा फरक छान राखलाय, पण अक्षर लहान केलं की रेघही त्याच प्रमाणात बारीक होते. २४ पॉइंटाला ०.२ पॉइंट असलेली रेघ ७ पॉइंटाला जेमतेम ०.०६ उरते. फॉइल तिथे धरणार कसं?

पत्ता साध्या, सरळ उभ्या सुट्या अक्षरांच्या फाँटमध्ये घ्या. नावांसाठी छापखान्याला किमान रेघेची जाडी विचारा. कमी पडत असेल तर आधी याच फाँटचं बोल्ड (ठळक) वजन वापरून बघा. तरी भागलं नाही तर अक्षरांना ०.१ पॉइंटाचा स्ट्रोक (कडेभोवतीची रेघ) द्या, रेघेची जाडी एकूण तेवढ्यानेच वाढते. जास्त दिलात तर 'ई' आणि 'एल'च्या पोकळ्या बुजतील.

प्रश्नकर्ता
ट्रॅकिंग शून्य केल्यावर फटी गेल्या, आभार! दुसऱ्या एका स्क्रिप्ट फाँटमध्ये मात्र 'बी'नंतरचा 'आर' अजून अडखळतो.

प्रतिसाद १
बी, ओ, व्ही, डब्ल्यू यांची शेपटी वरून निघते, बाकी बहुतेकांची खालून. त्यासाठी काही ओपनटाइप (फाँट फाइलचा एक प्रकार) फाँटमध्ये पर्यायी अक्षरं असतात. 'कॉन्टेक्स्चुअल अल्टरनेट्स' (शेजारच्या अक्षरानुसार आपोआप बदलणारी अक्षरं) सुरू करून बघा. फाँटमध्ये ती नसतीलच तर आउटलाइन करून, म्हणजे मजकूर नुसत्या आकारांत बदलून, जोड हातानेच ओढावा लागेल.

प्रतिसाद २
आउटलाइन कराल तेव्हा स्ट्रोकचीही आउटलाइन करा आणि पाथफाइंडर (आकार जोडायचं साधन) मधून युनाइट मारा, म्हणजे सगळे आकार एक होतील. नाहीतर शेजारच्या अक्षरांचे आकार एकमेकांवर चढलेलेच राहतात आणि फॉइलचा साचा बनवताना काही ठिकाणी जोडाच्या जागी भोक पडतं. त्याआधी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा, नंतर स्पेलिंग दुरुस्त करता येत नाही.