मदत हवी आहे: फ्लॅटपॅकमधली (बंदिस्त कप्प्यात चालणारी) अ‍ॅप्स थीमचे रंग घेत नाहीत

डेबियन १२ लिनक्स, एक्सएफसीई ४.१८ डेस्कटॉप, एक्स११ डिस्प्ले. थीम आर्क-डार्क, तीही होममधल्या डॉट-थीम्स फोल्डरमध्ये. थुनार (फाइल मॅनेजर), माउसपॅड (टेक्स्ट एडिटर) व्यवस्थित गडद दिसतात. एपीटीने (डेबियनच्या पॅकेज मॅनेजरने) टाकलेला व्हीएलसी पांढराफटक होता, तो क्यूटी५सीटीने (क्यूटी अ‍ॅप्सचं रूप ठरवणाऱ्या साधनाने) मार्गावर आला.

अडलंय ते जीटीके४ आणि लिबअ‍ॅडवेटा (अ‍ॅपच्या खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्ररी) वापरणाऱ्या अ‍ॅप्सपाशी. जीसेटिंग्जमधून कलर-स्कीम 'प्रीफर-डार्क' केल्यावर ती गडद झाली, पण रंग त्यांचेच. म्हणून डॉट-कॉन्फिगच्या जीटीके-४.० फोल्डरात जीटीके डॉट सीएसएसची सिमलिंक (मूळ फाइलकडे नेणारा दुवा) ठेवली, मूळ फाइल थीमच्या फोल्डरातच आहे. एपीटीच्या अ‍ॅप्सनी रंग लगेच उचलले. फ्लॅटपॅकची ढिम्म हलत नाहीत. फ्लॅटपॅक ओव्हरराइडने त्याच जीटीके-४.० फोल्डरला फक्त-वाचनाची परवानगी दिली आहे आणि अ‍ॅप्स पूर्ण बंद करून पुन्हा उघडली आहेत.

जीटीके_थीम व्हेरिएबल लादायचं नाही, त्याने या अ‍ॅप्सची मांडणीच बिघडते. नोम किंवा केडीई डेस्कटॉपवर जा असंही कृपया सुचवू नका, ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे.

सिमलिंकची मूळ फाइल फ्लॅटपॅकच्या सँडबॉक्सबाहेर (बंदिस्त कप्प्याबाहेर) राहते म्हणून असं होत असेल का? तसं असेल तर डॉट-थीम्सलाही परवानगी द्यावी, की सिमलिंक काढून सीएसएसची प्रतच तिथे ठेवणं बरं?